त्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी ३६ वर्षांची, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या आरोग्य तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल ३४२ आलं. एलडीएल २७०, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १३०. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासलं, आकडे तेच. साखर, बीपी, थायरॉइड नॉर्मल. वजन ५२ किलो. मांसाहार करत नाही, शाळेला रोज चालत जाते.

माहेरी आजोबा ४५ व्या वर्षी, मोठे काका ४८ व्या आणि बाबा ४२ व्या वर्षी अटॅकने गेले. आत्याची मात्र ५८ व्या वर्षी बायपास झाली, ती बरी आहे. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. अंगाने सडपातळ, सुपारीचंही व्यसन नाही. शेतातून आले, छातीत जळजळतंय म्हणाले, आईने सोडा दिला, आणि तासाभरात सगळं संपलं. गावात म्हणतात, त्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत. कुणी शाप म्हणालं म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीही करून झाला. बाबांच्या पापण्यांवर पिवळे चट्टे होते, आम्ही त्याला हळद म्हणायचो. टाचेमागे टणक गाठ होती, म्हणून नव्या सँडलचा मागचा पट्टा ते पहिल्याच दिवशी कापून टाकायचे.

डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ची गोळी दिली आहे, कायमची म्हणाले. तीन आठवडे झाले, एकही घेतलेली नाही. मोबाइलवर सारखे मेसेज येतात की हे कंपन्यांचं थोतांड आहे, लिव्हर जातं. सासूबाईंनी घरातलं तूप बंद केलंय. माझ्या हातचं खाऊन मुलालाही हेच होईल असं त्यांना वाटतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे. धाकटा भाऊ ३१ चा, चाकणला कंपनीत आहे. मी जिम करतो, मला काही होत नाही, असं म्हणून तपासायचं टाळतोय. माझं नक्की कुठे चुकलं?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तीन आठवडे तुम्ही हा प्रश्न उराशी धरून बसला आहात आणि गोळ्यांची पट्टी तशीच पडून आहे.

तुमचं पत्र वाचताना मी सँडलच्या पट्ट्यापाशी थांबले. पोटरीला टाचेशी जोडणारी जी जाड दोरी असते, जिला आपण बोलताना शीर म्हणतो, तिच्यात वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल साठत गेलं की ती फुगते, टणक होते, चपलेला घासते. पापणीवरचे पिवळे चट्टे म्हणजेही साठलेलं कोलेस्टेरॉलच. नुसत्या चट्ट्यांवरून काही ठरत नाही, रिपोर्ट नॉर्मल असलेल्या माणसांनाही ते येतात. पण टाचेची गाठ ही फार बोलकी खूण आहे. ती गाठ, बेचाळिसाव्या वर्षीचा अटॅक, आजोबा, काका, आणि ५२ किलोच्या शाकाहारी मुलीचं २७० एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचा आकडा) हे सगळं एकाखाली एक लिहून पाहा. वैद्यकात याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. घराण्यातून, जनुकातून येणारं, जन्मापासूनचं वाढलेलं कोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हे असतं, म्हणजे तुमच्या तालुक्यात तुमच्यासारखी हजारभर तरी माणसं असणार, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसेल. पक्कं निदान तुम्हाला समोर बसवून, टाचा हाताने चाचपून तुमचे डॉक्टरच करतील. त्यांना बाबांच्या गाठीबद्दल सांगितलंत का? नसेल तर पुढच्या भेटीत पहिलं वाक्य तेच असू दे.

हा दोष ताटातून येत नाही हे आज छातीठोकपणे सांगता येतं ते मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांमुळे. त्यांचं काम मी थोडं सविस्तर सांगणार आहे. ते समजलं की तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील, आणि तुम्ही शिक्षिका आहात, घरच्यांना ती माझ्यापेक्षा चांगली समजावून सांगाल.

दोघांची ओळख १९६६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाली. तिथे दोघेही नवशिके डॉक्टर होते. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करताना गोल्डस्टीन यांच्यासमोर दोन भावंडं आली. मुलगी सहा वर्षांची, भाऊ आठ वर्षांचा. एवढ्याशा वयात दोघांनाही हृदयविकार. या मुलांना आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळालं होतं. असं साधारण तीन लाखांत एखाद्याच्या बाबतीत होतं, आणि तेव्हा एलडीएल जन्मापासूनच सहा ते दहा पट असतं. सहा वर्षांच्या मुलीने असं काय खाल्लं असेल? हा प्रश्न ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना स्वस्थ बसू देईना.

१९७२ मध्ये दोघेही डॅलसच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकत्र आले. तेव्हा त्यांचा अंदाज असा होता की या रुग्णांच्या शरीरात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या यंत्रणेचा ब्रेकच निकामी असावा. आपलं शरीर बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतं, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पेशींच्या भिंती, संप्रेरकं, पित्तरस, सगळ्यांना ते लागतंच. त्या कामात एक एन्झाइम मुकादमासारखं असतं, ते थांबलं की उत्पादन थांबतं. ब्राऊन-गोल्डस्टीन यांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या कातडीचे बारीक तुकडे घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल दिलं की मुकादम थांबायचा. रुग्णांच्या पेशींना कितीही एलडीएल द्या, काम धडाक्यात चालूच, निरोगी पेशींच्या चाळीस-साठ पट. म्हणजे ब्रेक तुटलाय हा अंदाज बरोबर वाटला.

मग त्यांनी एक साधी युक्ती केली. एलडीएलच्या वेष्टनातून न देता कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिलं, म्हणजे ते थेट पेशीच्या आत झिरपेल. आणि रुग्णांच्या पेशीही निमूटपणे थांबल्या! ब्रेक शाबूत होता. माल आतपर्यंत पोहोचतच नव्हता. पुढे एलडीएलला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून पाहिलं, तर निरोगी पेशींवर ते कण चिकटत होते, त्या मुलांसारख्या रुग्णांच्या पेशींवर चिकटतच नव्हते. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारं जे रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं, तेच त्यांच्यात नव्हतं. हे १९७३-७४ चं काम, आणि १९८५ चं नोबेल दोघांना मिळालं ते याच कामासाठी.

तुम्ही ऊसपट्ट्यातल्या आहात, म्हणून असं समजा. यकृताची पेशी म्हणजे कारखाना, रक्तातले एलडीएलचे कण म्हणजे उसाचे ट्रॅक्टर, आणि रिसेप्टर म्हणजे ऊस उतरवून घेणारी गव्हाण. धडधाकट माणसात एकेक रिसेप्टर साधारण दहा मिनिटांत एक खेप आत पोहोचवून पुन्हा दारात हजर होतो. तुमच्या पेशींत निम्म्या गव्हाणी जन्मापासून नाहीतच. मग ट्रॅक्टरची रांग लागते, यार्ड भरतं, रांग गावाच्या रस्त्यावर येते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात जे साठतं, ते हे रस्त्यावर तिष्ठत राहिलेलं. आणि कारखान्याच्या आत काय दिसतं? ऊस नाही. म्हणून आतला मुकादम आणखी तोड लावतो. बाहेर गर्दी आणि आत टंचाई, दोन्ही एकाच वेळी.

आता सासूबाईंच्या तुपाचा विचार करा. तूप, लोणी, खोबरं, बेकरीचे पदार्थ कमी केल्याने कुणाचंही एलडीएल थोडं उतरतं, दहा-पंधरा टक्के. ते जरूर करा, पोळीवर चमचाभर तूप पुरे. पण २७० चे दहा-पंधरा टक्के कमी झाले तर राहतात २३० ते २४०. गव्हाण बंद असताना गाड्या थोड्या कमी पाठवून रांग मोडत नाही.

यकृताचा यात केवढा वाटा आहे, ते टेक्सासच्या स्टॉर्मी जोन्स या सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिलं. तिला दोन्हीकडून सदोष जनुक मिळालेलं, कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात, हृदय पार निकामी झालेलं. १४ फेब्रुवारी १९८४ ला पिट्सबर्गमध्ये तिला नवं हृदय आणि त्याच्याच जोडीला नवं यकृत बसवलं. हृदय बदलणं भागच होतं, यकृत बदललं ते केवळ रिसेप्टरसाठी. आणि तिचं कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं. पुढे १९९० मध्ये, तेराव्या वर्षी ती गेली. पण तिला जी जास्तीची सहा वर्षं मिळाली, ती दुसऱ्या कुणाच्या यकृतातल्या चालू गव्हाणींनी दिली. तिची गोष्ट वाचल्यापासून कुणी एखाद्या पोराच्या रिपोर्टवरून त्याच्या आईच्या स्वयंपाकाला बोल लावला की माझा जीव तुटतो.

तुमच्या घरावर मात्र अशी वेळ नाही. तुम्हाला एक जनुक बाबांकडून सदोष आलंय आणि दुसरं आईकडून धडधाकट आलंय, आणि गोळी काम करते ती नेमकी त्या दुसऱ्या जनुकावर. तुमची ॲटोर्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन या गटातली गोळी. स्टॅटिन यकृताच्या पेशीतल्या त्या मुकादम एन्झाइमला थांबवतं. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागतं, आणि गरज भागवायला ती रक्तातूनच जास्त एलडीएल ओढू पाहते. त्यासाठी ती चांगल्या जनुकाकडून जास्त रिसेप्टर बनवून घेते. म्हणजे तुमच्या आईने जे दिलं, ते दुप्पट कामाला लागतं. आईंना हे मुद्दाम सांगा. त्या सोड्याचं शल्य त्यांच्या मनात इतकी वर्षं असणार. छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची, हे ईसीजी काढल्याशिवाय डॉक्टरलाही ओळखता येत नाही. उमेदवारीच्या काळात अशाच एका चाळिशीच्या माणसाला मी स्वतः पित्ताचं औषध देऊन घरी पाठवलं होतं. तो रात्री परत आला आणि वाचला, म्हणून मी हे आज लिहू शकते. तुमच्या आईच्या हातात तेव्हा ना ईसीजी होता ना कुणी सांगणारं.

मेसेजमधल्या 'थोतांडा'बद्दल. स्टॅटिनचा शोध लागला तो बुरशीत. जपानच्या अकिता प्रांतात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले अकिरा एंडो यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार बुरशींचे नमुने तपासले आणि १९७३ मध्ये क्योटोच्या धान्य दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. ब्राऊन-गोल्डस्टीन यांनी ते मागवून आपल्या पेशींवर वापरलं. औषध कंपन्या नफा कमावतात हे खरंच आहे, पण गोळी चालते की नाही ते नफ्यावरून ठरत नाही. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच वर्षांत स्टॅटिनवाल्यांमधले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी भरले. त्यानंतर तीस वर्षं जगभर लाखो लोकांवर हेच पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय.

दुष्परिणाम लपवण्याचं कारण नाही. काहींचे स्नायू दुखतात, साखर किंचित वाढू शकते. यकृताला गंभीर इजा अगदी विरळ, तरी सुरू करण्याआधी आणि काही आठवड्यांनी यकृताची तपासणी करून घ्या, त्याच वेळी एलडीएल किती उतरलं तेही कळेल. मांड्या-दंड जबर दुखून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल किंवा पाळी चुकली, तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात ही गोळी सहसा थांबवतात. एवढं सांभाळून, पहिली तपासणी झाली की त्याच रात्रीपासून घ्या. एका गोळीने एलडीएल पुरेसं उतरलं नाही तर जोडीला एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी आहे, त्याही पुढे इंजेक्शनं आहेत. ती इंजेक्शनं ज्या पीसीएसके९ नावाच्या प्रथिनाला अडवतात, त्याचं काम रिसेप्टर मोडीत काढण्याचं. डॅलसच्याच संशोधक हेलन हॉब्स यांना असे काही लोक सापडले ज्यांच्यात ते प्रथिन जन्मतःच नीट बनत नाही, त्यांचं एलडीएल कमी असतं आणि हृदयविकारही फार कमी होतो. महाग आहेत, पण तुम्हाला ती लागतीलच असं नाही.

आता गावातल्या त्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं त्याने तुमच्या घराचं नुकसान केलंय. पुरुष पन्नाशी बघत नाहीत. मग बायका? तुम्ही आत्याबद्दल 'मात्र' लिहिलंत, जणू तिचा यात संबंध नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षीची बायपास ही त्याच आजाराची बाईच्या शरीरातली तऱ्हा असू शकते. हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. मुलगा असो वा मुलगी, शक्यता प्रत्येक खेपेला निम्मी. पाळी चालू असेपर्यंत बायकांना थोडं संरक्षण असतं, म्हणून त्यांचा अटॅक सहसा दहाएक वर्षं उशिरा येतो, आणि तोवर घरातले लोक त्याला वयाचा म्हणून मोकळे होतात. आत्या आणि तिची मुलं, काकांची मुलं, सगळ्यांची लिपिड तपासणी, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, व्हायला हवी. तुम्ही या घरातल्या पहिल्या आहात ज्यांनी अटॅकच्या आधी रक्त तपासलं.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या भावाची वाटते. ३१ वय, पुरुष, जिमचा भरवसा. ज्या वयात बाबा गेले तिथपर्यंत पोहोचायला त्याला अकरा वर्षं आहेत. फोनवर समजावू नका. सुट्टीला घरी बोलवा, टाचा बघा. त्याच्या टाचेची शीर दोन बोटांत धरा आणि नवऱ्याच्या टाचेशी ताडून पाहा. काही लागलं नाही तरी रक्त तपासायचंच, कारण तिशीत गाठ नसणं ही हमी नव्हे. तुमचा रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा की हे बाबांचं आहे. त्याला मोठ्या बहिणीचा उपदेश नको असेल, बाबांचं नाव तो टाळणार नाही. आकडे वाढलेले निघाले तर नुसत्या गोळीवर न थांबता हृदयरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. आणि जिममध्ये छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखला, तर 'गॅस असेल' म्हणून थांबायचं नाही, हे त्याला तुमच्या तोंडून नीट ऐकू दे.

मुलाचं. नऊ हे तपासायला अगदी योग्य वय आहे. त्याला हे नसण्याची शक्यता निम्मी आहे. आणि असलं, तर तो तुमच्या घराण्यात पहिला असेल ज्याला वेळेत कळलं. नेदरलँड्समध्ये असा आजार असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू केलं आणि वीस वर्षं पाहिलं. त्यांच्यातल्या जेमतेम एक टक्का जणांना एकोणचाळीस वर्षांपर्यंत हृदयविकाराचा त्रास झाला. त्याच आजाराच्या त्यांच्या आई-वडिलांमध्ये त्याच वयापर्यंत तो सव्वीस टक्के होता. एका घरातल्या दोन पिढ्या, जनुक तेच, फरक फक्त गोळी कधी सुरू झाली याचा. सासूबाईंना हा आकडा सांगा. नातवाची काळजी त्यांना तुमच्याइतकीच आहे, ती तुपाकडून तपासणीकडे वळली की त्याच तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

मुलाचं रक्त देताना त्याला उपाशी ठेवायची गरज नाही, पहिल्या तपासणीला जेवून गेला तरी चालतं. शाळा सुटल्यावर घेऊन जा.